आठाचे नऊ

माझी जीप खोटं बोलते, असं वाघजाई घाटातल्या सगळ्या गाड्यांनी मिळून ठरवलं. माणसांनी नव्हे, गाड्यांनी. माणसांनी ठरवलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडून घेतलं असतं, भांडायला मला मुहूर्त लागत नाही. पण सकाळी स्टँडवर जीप सुरू केली, समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि सरकारी पेटीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपले वेगमापक परिसरातील वाहनांशी विसंगत आहे. दुरुस्ती मान्य आहे का?" खाली दोन चौकोन होते, मान्य आणि अमान्य.

मी 'अमान्य'वर बोट दाबलं. शेजारच्या सीटवर हौसाबाई बसल्या होत्या, मांडीवर झाकलेली पाटी घेऊन.

"काय म्हन्ती गं ती?" त्यांनी विचारलं.

"म्हन्ती, तू येडी आन् बाकीची शानी."

"मग तू काय म्हनलीस?"

"न्हाय म्हनलं."

"बरं केलंस. चल आता, बाजार उठंल," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला.

मी वैजयंता शेवाळे. लग्न केलं नाही, जीप केली. वर धनगरमाळ आणि खाली पेठ, या दोन गावांमध्ये वडाप चालवते. वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी गाडी. तिला वेळापत्रक नसतं, पण रस्त्यात हात केलेल्या माणसाला टाकून पुढे जायचं नाही एवढा एक नियम असतो, आणि तो मोडणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. पूर्वी माझी जीप डिझेलवर चालायची, आता बॅटरीवर चालते. घाट तोच आहे, वळणंही तीच आहेत, आणि प्रत्येक वळणाआधी चाळीसची पाटी आहे.

आता ही भानगड नीट सांगते. गाडीला रस्ता दिसत नाही. तिला फक्त चाकाचे फेरे मोजता येतात. एका फेऱ्यात किती रस्ता मागे पडतो हा आकडा तिला कुणीतरी आधी सांगून ठेवलेला असतो, आणि ती बिचारी फेरे गुणिले तो आकडा असा हिशेब करून वेग दाखवते. तुम्ही चाक मोठं बसवलंत आणि आकडा जुनाच ठेवलात, तर प्रत्येक फेऱ्यात रस्ता जास्त जातो आणि गाडीला त्याचा पत्ताच नसतो. ती प्रामाणिकपणे चुकते.

दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून घाटाचा रस्ता उखडला. नुसते दगड उरले, जिपांची पोटं घासायला लागली. तेव्हा आमच्या वडाप संघटनेनं सगळ्या गाड्यांना उंच टायर आणि मोठ्या रिमा बसवल्या. संघटनेचा अध्यक्ष सर्जेराव, माझा धाकटा भाऊ. टायर छान होते, जीप हातभर उंच वाटायला लागली. मी मात्र लगेच टायरवर चुन्याचा ठिपका लावला, जीप माणसांनी भरली, कारण रिकाम्या गाडीचा टायर भरल्या गाडीसारखा दबत नाही, आणि एक फेरा रस्त्यावर फिरवून टेपनं मोजला. जुन्या चाकानं आठ हात रस्ता कापला असता तिथे नवं चाक नऊ हात कापत होतं. म्हणजे काटा चाळीस दाखवेल तेव्हा जीप पंचेचाळीसनं धावणार. मी कराडला जाऊन आकडा बदलून आणला, तसा दाखला घेतला. बाकीच्यांना सांगितलं, तर म्हणाले, बघू नंतर. आमच्याकडे 'बघू नंतर' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. रस्ता पुढे गुळगुळीत झाला, पण टायर तेच राहिले.

मग या उन्हाळ्यात पंचपेट्या आल्या. सरकारी नाव परस्परमापन पेटी. आधी वेग आकाशातल्या उपग्रहांवरून मोजायचे. पण बाजारात खोटे संकेत सोडणारी खेळण्याएवढी यंत्रं आली आणि पुण्यात उभा असलेला ट्रक कागदोपत्री गोव्यात पळू लागला. सरकारनं आकाशाचा नाद सोडला आणि पुन्हा चाकावर विश्वास ठेवला, पण एकट्या गाडीच्या चाकावर नाही. दोन गाड्या एकामागे एक, मधलं अंतर न बदलता चालल्या, तर दोघींचा वेग एकच असणार. मग एकीचा काटा चाळीस आणि दुसरीचा पंचेचाळीस दाखवत असेल तर कुणीतरी चुकतंय. पेट्या जाता-येता एकमेकींना हे विचारत राहतात, आणि जिचं उत्तर चारचौघींशी जुळत नाही तिचा आकडा बदलतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, तो आता पेटीत घालून मिळायला लागला.

शहरात हे झकास चालतं. आमच्या घाटात मात्र दिवसभर आमच्याच जिपा वर-खाली करतात, सगळ्यांना तेच टायर, सगळ्यांना तोच जुना आकडा. आणि त्यांच्यात एकच जीप खरं सांगणारी.

संध्याकाळी सर्जेराव घरी आला. पेटीनं त्याला अध्यक्ष म्हणून कळवलं होतं. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय, गाडी मीच शिकवलीय, त्यामुळे तो माझ्यासमोर आधी बराच वेळ चहाच पितो.

"आक्के, हिरवं बटन दाब की एकदाचं," शेवटी तो म्हणाला.

"माझा काटा बरूबर हाय."

"मला ठावं हाय."

"तुला ठावं हाय?"

"समद्यास्नी ठावं हाय. येडी हाईत का ती? आगं, खेपा वाढल्यात. पेट्या आल्यापास्नं घाटात येकाचं चलान झालं न्हाय. सुरक्षित घाट म्हणून जिल्ह्याचं बक्षीस मिळायचंय संघटनेला, दसऱ्यानंतर सभा हाय. आन् मधीच तुझी गाडी वरडतीया, की समदी जादा पळत्यात."

"पळत्यातच की."

"येक तरी गाडी दरीत गेली का?"

"ती जायाची वाट बघायची व्हय?"

"पाच जण म्हन्त्यात ते आयकावं मानसानं."

"पाच जणांनी चंद्राला भाकरी म्हनलं म्हणून प्वाट भरत न्हाय, सर्जा."

तो कप खाली ठेवून उठला. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला की तीन वेळा नकार दिला तर परवाना जातो, आणि मग त्याच्याही हातात काही राहणार नाही. मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. खोटं बोलणारा भाऊ मी एक वेळ बडवून सरळ केला असता. याला सगळं माहीत होतं आणि तो माझ्याच काळजीनं सांगत होता.

आठवड्यानं पेटीनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग जिल्ह्याच्या वाहन-मापन कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या अभियंता शर्वरी नाईकनवरे, तिशीच्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी माझा कराडचा दाखला बघितला, पडद्यावर घाटातल्या गाड्यांचे आकडे बघितले आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "तुमचा बरोबर आहे, ताई. बाकी सगळ्यांचा चुकलाय."

"मग झालं की. त्यांचं दुरुस्त करा."

"मला तो अधिकार नाही." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "शंभर माणसांच्या शंभर वेगळ्या चुका असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून ही पद्धत चालते. शंभर जणांची एकच चूक असली तर पेटीला ती चूक दिसतच नाही. तिला तो नियम वाटतो. आणि माणसानं हात घालून आकडा बदलू नये, लाच खाऊ नये, म्हणून तर ही पेटी बनवली. आता तिच्यात हात घालायची सोय आम्ही ठेवलेलीच नाही."

"काहीच वाट न्हाय?"

"एक आहे. घाटातल्या निम्म्या गाड्यांनी एकाच दिवशी 'अमान्य' दाबलं, पेटीनं विचारलं नसलं तरी, तर रस्ता प्रत्यक्ष मोजायला मला यावं लागतं. निम्म्या हव्यात. तुम्ही एकट्या आहात."

"आन् तिसऱ्यांदा मी न्हाय म्हनलं तर?"

"दिवसभर गाडी दहाच्या वर जाणार नाही. दिवस मावळेपर्यंत 'मान्य' दाबलं नाहीत, तर परवाना रद्द." त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला. "दाबून टाका, ताई. तुम्हाला खरं काय ते माहीत आहे. मनातल्या मनात वाढवून घ्या."

त्या चांगल्या मनानं सांगत होत्या, म्हणून मी दाखला पिशवीत घातला आणि उठले. पण परत येताना डोक्यात तेच घोळत होतं. मनातल्या मनात वाढवायचं म्हणजे दिवसभर डोळ्यांसमोर खोटं ठेवून त्याच्या आड खरं जगवायचं. किती दिवस जगेल ते? एक दिवस माझाही पाय त्याच खोट्याला सरावेल. आणि माझ्या जिपेत बसणाऱ्यांना तर तेवढीही सोय नाही. घाटात पूर्वी एखादी बाई ओकायची, आता निम्मी जीप ओकते आणि सगळे म्हणतात, हल्ली माणसं नाजूक झाली. जिपेशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही. परवाना गेला तर सकाळी उठून जायचं कुठं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

दसऱ्याला आमच्या स्टँडवर सगळ्या गाड्यांची पूजा एकदम होते. झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, आणि आमच्या घाटाची रीत म्हणजे तेलात कालवलेल्या शेंदराचा हाताएवढा पट्टा चाकाच्या धावेवर ओढतात. वाघजाईचा शेंदूर रस्त्याला लागला की रस्ता सांभाळतो म्हणे. मग एकेक गाडी देवळाला फेरी घालून परत येते. त्या दिवशी सगळ्या आल्या, आणि डांबरावर तांबडे ठसे उमटले, एका फेऱ्याला एक.

मी टेप घेऊन रस्त्यात बसले. सर्जेरावच्या जिपेचे दोन ठसे धरून मोजले, मग त्याच्या पडद्यावरचा फेऱ्याचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. आठाला नऊ. नव्या धोतर-फेट्यातले सगळे ड्रायव्हर भोवती उभे होते.

"बघा डोळ्यांनी," मी म्हणाले. "आता आज समद्यांनी येकदाच न्हाय म्हना. मापायला बाई येतील."

कुणी वाकूनही बघितलं नाही. जगूभाऊ म्हणून आमच्यातले सगळ्यात जुने, ते नरमाईनं म्हणाले, "आक्का, आमास्नी काय नवीन सांगतीस?"

तेव्हा मला कळलं की मी वेड्यासारखी रस्ता मोजत बसले होते. मला वाटत होतं, दाखवलं की झालं. त्यांना दिसत नव्हतं असं कधीच नव्हतं.

पण गर्दीच्या मागे एसटीचे ड्रायव्हर दस्तगीर मुलाणी उभे होते. त्यांची बस पेठेहून येते, दिवसातून दोन खेपा घाट चढते-उतरते, खोऱ्यातली सगळी कॉलेजची पोरं तिच्यात असतात. दसऱ्याला तिलाही आमचे लोक शेंदूर लावतात, दस्तगीरभाई हसून लावून घेतात. ते पुढे आले.

"वैजूताई, माझ्या बसचं मोज की," ते म्हणाले.

"भाई, तुमचे टायर कुटं बदललेत?"

"म्हणून तर म्हन्तोय. मोज."

मोजलं. बसच्या दोन ठशांमधलं अंतर पूर्वीइतकंच होतं, टायर तेच, माप तेच. पडद्यावरचा आकडा मात्र खाली आलेला. आमच्या जिपांच्या संगतीत राहून पेटीनं बसलाही 'दुरुस्त' केलं होतं, गुपचूप, थोडं थोडं. दोन खेपांपुरता फरक बारीक, आणि बारीक फरकाला ती विचारत नाही. एवढी मोठी गाडी, पन्नास-साठ पोरं भरलेली, आणि ड्रायव्हरला वाटतंय आपण चाळीसनं उतरतोय.

दस्तगीरभाईंनी टेपवरचा आकडा स्वतः वाचून बघितला. मग सर्जेरावकडे वळून म्हणाले, "अध्यक्ष, तुमच्या गाड्या तुमच्या. माझी गाडी बिघडवायला तुम्हास्नी कुणी सांगितलं?"

सर्जेरावनं फेटा नीट केला. दस्तगीरभाई बसमध्ये चढले आणि त्यांनी 'अमान्य' दाबलं. पेटीतल्या बाईचा गोड आवाज बाहेरपर्यंत आला, "आपला नकार नोंदवला आहे." बाकीचे सगळे आपापल्या गाड्यांच्या माळा सारख्या करायला लागले.

पेठेच्या खेपेची माणसं भरली, तशी मीही माझ्या जिपेत बसले. विचारायचीच वेळ झाली होती. दुरुस्ती मान्य आहे का? नाही. बाईनं न रागावता सांगितलं की आजच्या दिवसापुरता वेग दहा, 'मान्य' दाबताच निर्बंध उठेल. हिरवा चौकोन लुकलुकत राहिला. घाई असलेली माणसं उतरली. हौसाबाई आणि आणखी चार-पाच जण बसून राहिले.

"मला कुटं कोर्टात जायाचंय? चल तू," हौसाबाई म्हणाल्या.

निघाले. घाटात ओलांडून जायला बंदी आहे, तेव्हा माझ्यामागे दस्तगीरभाईंची बस, तिच्यामागे सर्जेराव, त्याच्यामागे अख्खी संघटना. दसऱ्याची खेप, प्रत्येकाला पेठ गाठायची होती. आधी हॉर्न वाजले, मग शिव्या आल्या, त्यातल्या काही मला नवीन होत्या. तिसऱ्या वळणावर बघते तर सर्जेराव गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन फेट्यासकट पळत येतोय. बसला मागे टाकून तो माझ्या खिडकीशी आला आणि सोबत पळायला लागला.

"आक्के, दाब ते," तो म्हणाला.

"न्हाय."

"परवाना जाईल. काय करशील मग?"

"ठावं न्हाय."

"माझं नाक कापतीयास चारचौघांत."

"पळ, पळ. दहा म्हंजी किती असतंय ते पायाला कळू दे. हे खरं दहा हाय बरं, तुझ्यावालं न्हाय."

मागच्या सीटवर कुणीतरी हसलं. सर्जेराव हसला नाही. त्याला धाप लागली होती, फेट्याचं टोक सुटून गळ्यात आलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पळण्याचं होतं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही.  मी एक बोट उचललं असतं तर सगळं मिटलं असतं, तो गाडीत बसला असता, दोघं मिळून पेठेत जिलेबी खाल्ली असती. पुढच्या वळणावर तो कठड्याला टेकून थांबला आणि आरशात लहान होत गेला.

दिवस मावळला तेव्हा मी पेठेच्या स्टँडवर होते. बाई म्हणाली, आपला परवाना रद्द झाला आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मी सांगितलं, मी सहकार्य केलेलं नाही, नीट नोंदव. तिला तेवढं कळत नाही. दोनच नकार नोंदले गेले, माझा आणि दस्तगीरभाईंचा. निम्मे व्हायला फार कमी. मी जीप स्टँडच्या भिंतीला लावली, स्टेअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले आणि दस्तगीरभाईंच्या बसनं वर गेले. बस इतकी सावकाश चढत होती की पोरांनी गाणी म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धनगरमाळच्या फाट्यावर रस्त्याला उभी राहिले आणि पहिल्या जिपेला हात केला. सर्जेरावची होती. क्षणभर ती तशीच पुढे निघाली, मग थांबली. हात केलेल्या माणसाला टाकून जायचं नाही. मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसले. 

पहिलं वळण आलं. चाळीसची पाटी गेली. काटा चाळीसवर होता.

"पंचेचाळीस," मी मोठ्यानं म्हणाले.

"आक्के, गप बस."

"परवाना गाडी चालवायचा गेलाय. बसायचा न्हाय. आन् बोलायचा तर न्हायच न्हाय."

दुसरं वळण. काटा चाळीस.

"पंचेचाळीस."

मागून एक शाळेतली मुलगी म्हणाली, "कसं काय, आज्जी?" मी सांगितलं, काटा आठ म्हणाला की नऊ धरायचं, बाकी सोपं आहे. तिनं बोटांवर करून बघितलं. तिच्या शेजारचा दूधवाला पुटपुटत होता. तिसऱ्या वळणावर मी तोंड उघडायच्या आत मागून तिघा-चौघांचा आवाज आला, "पंचेचाळीस." सर्जेरावनं आरशात बघितलं. वडापवाला गाडीतल्या एका माणसाला गप करू शकतो, भरलेल्या जिपेला नाही.

"उद्या जगूभाऊच्या गाडीत बसनार," मी त्याला म्हणाले. "परवा पवाराच्या. मला आता वेळच वेळ हाय."

 त्याची बोटं स्टेअरिंगवर वळली आणि सुटली. समोर वाघजाईचं मोठं वळण होतं, खाली दरी आणि तिच्या तळाशी पेठेची घरं. पाटीजवळ आलो तेव्हा मी काट्याकडे बघितलं. छत्तीसच्या जरासा अलीकडे होता.

"चाळीस," मी म्हणाले.

"चाळीस," मागची जीप म्हणाली.